उड्डाणाला साक्षी कोण?

मराठी माणसाशी विमानाच्या इतिहासावर बोलायला लागले, की तो हमखास गिरगाव चौपाटीवर येऊन थांबतो. १८९५ साली, म्हणजे राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, शिवकर बापूजी तळपदे यांनी तिथे एक मानवरहित यंत्र आकाशात उडवले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ते उड्डाण पाहायला न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव गायकवाड हजर होते, ‘केसरी’त बातमीही आली होती, असे तिला जोडून सांगितले जाते. तळपदे ही व्यक्ती खरी आणि त्यांचा विमानाचा ध्यासही खरा. मात्र त्या दिवशी यंत्र किती उंच गेले, किती वेळ हवेत राहिले, कोठे पडले, हे सांगणारा एकही समकालीन आणि पडताळून पाहता येईल असा कागद अभ्यासकांसमोर आलेला नाही. पुढे ज्या ‘वैमानिक शास्त्रा’शी तळपद्यांचे नाव जोडले गेले, त्याची तपासणी १९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी केली. तो ग्रंथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा असून त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष निघाला.

तळपद्यांचा खटला पुन्हा चालवण्याचा माझा हेतू नाही. पण त्या कथेतली उणीव मला पुढच्या बऱ्याच इतिहासाची किल्ली वाटते. उड्डाणाला साक्षीदार लागतो. बैलगाडी गेली की चाकोरी मातीत राहते. हवेत खूण उरत नाही. म्हणून काय उडाले, कोणी उडवले आणि कोणी पाहिले, या तीन प्रश्नांची उत्तरे एकाच मैदानावर मिळाली, तरच त्या उड्डाणावर समाजाचा विश्वास बसतो. ही सोय फार नेटकेपणाने लावणारा एक लहानसा खेळ आहे. बॅटरीवर चालणारी, रेडिओने नियंत्रित होणारी, हातभर लांबीची विमाने मैदानात रोवलेल्या खांबांभोवती पळवण्याची ती शर्यत. आपल्याकडे हा खेळ फारसा रुजला नाही. त्याचा इतिहास सांगता सांगता मी वाचकांना जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीपर्यंत घेऊन जाणार आहे. ते गाव महाराष्ट्राला वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. पण आकाशातल्या साक्षीचा प्रश्न २०२४ च्या पावसाळ्यात त्याच्याही वेशीवर येऊन थांबला होता.

मैदानातले खांब

राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकजवळच्या वाळूवर उड्डाण केले तेव्हा पाच माणसे पाहायला होती आणि एक छायाचित्रही निघाले. पहिले उड्डाण अवघे १२ सेकंदांचे, १२० फुटांचे. तरीही पुढची काही वर्षे युरोपात त्यांना बढाईखोर म्हटले गेले, कारण दोघे भाऊ आपले यंत्र लोकांच्या नजरेपासून जपत होते. हा संशय फिटला तो ८ ऑगस्ट १९०८ रोजी, फ्रान्समधल्या ल मान्स शहराजवळ. विल्बर राइटने त्यासाठी जागा निवडली ती घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाची. उड्डाण दोन मिनिटांचेही नव्हते. पण विमानाने प्रेक्षकांसमोर कलून वळसे घेतले आणि जिथून निघाले तिथेच परत आणून त्याने ते उतरवले. सरळ उडणारे विमान क्षितिजाकडे जाते आणि पाहणाऱ्याच्या हाती फक्त कल्पना उरते. वळणारे विमान परत येते. ते सर्वांना तपासता येते.

हे ओळखून पुढच्याच वर्षी फ्रान्समधल्या रीम्स शहराजवळ, २२ ते २९ ऑगस्ट १९०९ या काळात, विमानांचा पहिला मोठा आंतरराष्ट्रीय मेळावा भरला. मोकळ्या पठारावर १० किलोमीटरचा आयताकृती मार्ग आखून त्याच्या कोपऱ्यांवर उंच मनोरे उभारले गेले. फ्रेंच लोक त्यांना ‘पिलोन’ म्हणत. इंग्रजीत त्याचे ‘पायलॉन’ झाले. शब्द मूळचा ग्रीक, आणि त्याचा अर्थ दरवाजा. इजिप्तच्या प्राचीन मंदिरांसमोरच्या भव्य प्रवेशद्वारांना तो लावत असत. विजेच्या तारा वाहणाऱ्या मनोऱ्यांना पायलॉन म्हणू लागले ते नंतर. म्हणजे शर्यतीतला खांब हा शब्दाच्या मुळाशी एक वेस आहे. विमानाने या वेशीच्या बाहेरून जायचे, आतून नाही.

२८ ऑगस्टला गॉर्डन बेनेट चषकाची शर्यत झाली. दोन फेऱ्या, २० किलोमीटर. अमेरिकेच्या ग्लेन कर्टिसने त्या सुमारे १५ मिनिटे ५० सेकंदांत पुऱ्या केल्या. सरासरी वेग ताशी ७५ किलोमीटर. महिनाभरापूर्वी इंग्लिश खाडी ओलांडून जगप्रसिद्ध झालेला लुई ब्लेरिओ जेमतेम सहा सेकंदांनी मागे पडला. आकाशातल्या दोन यंत्रांमधला सहा सेकंदांचा फरक हजारो लोकांनी मान्य केला, तो खांब, पंच आणि घड्याळ यांच्या भरवशावर. चौपाटीच्या कथेला नेमक्या याच तीन गोष्टी मिळाल्या नाहीत.

पुढे हा खेळ अमेरिकेत मोठा झाला. क्लीव्हलँडच्या राष्ट्रीय हवाई शर्यतींना १९३० च्या दशकात प्रचंड गर्दी लोटे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे जुनी लढाऊ विमाने खांबांभोवती पळू लागली. वेग वाढला, वळसे रुंदावले आणि मार्ग वस्तीवरून जाऊ लागला. ५ सप्टेंबर १९४९ रोजी बिल ओडम या वैमानिकाचे विमान वळणावर उलटून बेरिया या उपनगरातल्या एका घरावर कोसळले. त्याच्यासह त्या घरातली आई आणि तिचे तान्हे मूल मरण पावले. क्लीव्हलँडच्या त्या मोठ्या शर्यतींचा काळ तिथेच संपला. पुढे १९६४ पासून नेवाडातल्या रीनो इथे, वस्तीपासून दूर, या शर्यती पुन्हा भरू लागल्या. तिथेही २०११ मध्ये वैमानिकासह अकरा जण मृत्युमुखी पडले आणि २०२३ मध्ये तिथला शेवटचा मेळावा झाला.

ओडमच्या अपघाताआधीच काही जणांनी उलट दिशेने विचार सुरू केला होता. १९४७ मध्ये गुडइयर कंपनीच्या चषकासाठी मुद्दाम छोट्या विमानांचा वर्ग काढला गेला. सुमारे ८५ अश्वशक्तीचे इंजिन, आखूड मार्ग, प्रेक्षकांच्या नजरेसमोरचे वळसे. यंत्र लहान केले की साक्ष जवळ येते आणि धोका दूर जातो, ही त्यामागची दृष्टी. हीच दृष्टी पुढे नेली तर माणूस विमानातून उतरून जमिनीवर उभा राहतो आणि विमान हातात धरता येईल एवढे होते.

तुटलेला दोरा

आपल्याकडे हातातून उडवायच्या वस्तूचा सर्वांत जुना अनुभव पतंगाचा. संक्रांतीच्या सुमारास कोणत्याही गावाच्या आकाशात पतंग दिसला की त्याचा मालक शोधायला कष्ट पडत नाहीत. मांज्यावरून नजर खाली आणली की एका गच्चीवरचा हात दिसतो. कटलेल्या पतंगामागे पोरे धावतात, कारण दोरा तुटताक्षणी त्याची मालकी संपलेली असते.

इंजिन लावलेल्या छोट्या विमानांचा पहिला लोकप्रिय प्रकारही दोऱ्याचाच होता. १९४० च्या सुमारास जिम वॉकर या अमेरिकन कारागिराने दोन बारीक तारांनी बांधलेले विमान लोकप्रिय केले. तारा मुठीत धरून उडवणारा मधोमध उभा राहतो आणि विमान त्याच्याभोवती फिरते. एक तार ओढली की शेपटीची झडप वर, दुसरी ओढली की खाली. आपल्या एनसीसीच्या हवाई विभागात एअरोमॉडेलिंग शिकवले जाते, त्यात हा प्रकार आजही आहे. मीही महाविद्यालयात असताना तो शिकलो. मला आठवते ती भोवळ. विमानाबरोबर आपणही गरगर फिरत असतो आणि इंजिन बंद पडल्यावर मैदान फिरतच राहते. त्या खेळात खांब म्हणजे उडवणारा स्वतःच. कोणाचे विमान, हा प्रश्न तिथे उद्भवत नाही.

रेडिओने हा दोरा तोडला. तळपद्यांच्या कथेतल्या काळाच्या आसपासच कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी जमलेल्या लोकांसमोर अदृश्य लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली आणि दारूगोळा पेटवून दाखवला. १८९८ मध्ये निकोला टेस्लाने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या टाकीत एक छोटी नाव रेडिओने चालवली. पाहणाऱ्यांना नाव दिसत होती, टेस्लाही दिसत होता, पण दोघांमधला दुवा दिसत नव्हता. त्यामुळे काहींना ती जादू वाटली. दोरा अदृश्य झाला की समोरच्या माणसाच्या मनात संशय येतो, हे तेव्हापासूनचे सत्य आहे. १९३७ मध्ये मिशिगनमधल्या कॅलामझू इथल्या वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी रेडिओवर चालणारे विमान यशस्वीपणे उडवले. ‘गफ’ नावाचे ते विमान आज वॉशिंग्टनच्या हवाई संग्रहालयात आहे.

रेडिओची विमाने आली तशी त्यांच्या शर्यतीही आल्या, आणि त्यांनी गुडइयरच्या छोट्या विमानांच्या प्रतिकृती आणि खांब दोन्ही उचलले. इथे खांबाला नवे काम मिळाले. तारेने बांधलेले विमान हाताच्या टप्प्याबाहेर जाऊच शकत नव्हते. रेडिओचे विमान कुठेही जाऊ शकते. त्याला नजरेच्या कक्षेत बांधून ठेवणारा दोरा म्हणून खांब उभा राहिला. शिवाय एकाच लहरीवर दोघांनी ट्रान्समीटर चालू केले तर विमान पडणार, म्हणून मैदानावर एक फळी असे. आपल्या लहरीची खूण त्या फळीवरून घेतल्याशिवाय ट्रान्समीटर चालू करायचा नाही, हा शिरस्ता. कोण कोणत्या लहरीवर उडवतो आहे, हे सगळ्या मैदानाला ठाऊक असे.

सत्तर ग्रॅमची मोटर

ही विमाने सुरुवातीला तेलाच्या इंजिनांवर चालत. आवाज कर्कश, धूर भरपूर आणि हात कायम तेलकट. विजेवर विमान उडवण्यात मोठी अडचण होती बॅटरीच्या वजनाची. ३० जून १९५७ रोजी इंग्लंडमध्ये कर्नल टॅपलिन यांनी चांदी आणि जस्ताच्या बॅटरीवर ‘रेडिओ क्वीन’ नावाचे विमान उडवले. रेडिओने नियंत्रित विजेच्या विमानाचे ते पहिले नोंदलेले उड्डाण मानले जाते. तिकडे फ्रेड मिलिट्की या अभियंत्याच्या आराखड्यावरून ग्राउपनर या जर्मन कंपनीने १९६० मध्ये ‘सिलेंटियस’ हा विजेच्या विमानाचा संच बाजारात आणला. मिलिट्कीची जिद्द इतकी, की २१ ऑक्टोबर १९७३ रोजी त्याच्याच कल्पनेवर ऑस्ट्रियात माणसाला घेऊन विजेवर विमान उडाले. खेळण्यातून शिकलेली गोष्ट खऱ्या विमानात पोचल्याचे हे ठळक उदाहरण आहे.

शर्यतीचा सुवर्णकाळ आला तो १९९० च्या दशकात, एका साध्या मोटरमुळे. तिला ‘स्पीड ४००’ म्हणत. पत्र्याच्या बंद डब्यातली, सुमारे सत्तर ग्रॅम वजनाची, साध्या चुंबकांची, कार्बन ब्रशवर चालणारी आणि स्वस्त. युरोप-अमेरिकेतल्या हौशी मंडळांनी ठरवले, की सर्वांनी हीच मोटर वापरायची आणि तिला साधारण सात निकेल-कॅडमियम सेल जोडायचे. पैसे ओतून मोठी मोटर आणायची वाटच बंद झाली. मग चुरस उरली ती बारकाव्यांत. पंख्याचा आकार कोणता, विमान किती ग्रॅमने हलके करता येईल, नव्या मोटरचे ब्रश नीट बसावेत म्हणून तिला ग्लासभर पाण्यात बुडवून किती वेळ फिरवायचे, असले प्रश्न त्या मंडळींना रात्र रात्र जागवत.

आकडे पाहिले तर गंमत कळते. ५०० मिलिअँपिअर-अवर क्षमतेच्या सेलमधून १० अँपिअर प्रवाह घेतला तर ते तीन मिनिटांत रिकामे होतात. या काळात मोटरला मिळते सुमारे सत्तर वॅट शक्ती, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बाएवढी. एवढ्या विजेवर साडेचारशे ग्रॅमचे विमान ताशी शंभर किलोमीटरने पळते असे धरू. खांबापाशी ते ८० अंशांत कलले तर सुमारे १४ मीटर त्रिज्येत वळते, आणि त्या क्षणी पंखांवर वजनाच्या पावणेसहा पट भार येतो. साडेचारशे ग्रॅमचे विमान अडीच किलोंचे होते. कलणे थोडे कमी पडले की वळसा रुंदावून सेकंद जातात. जास्त झाले की पंख तरी मोडतो किंवा विमान जमिनीत घुसते. हा निर्णय उडवणाऱ्याने दूरवर ठिपक्याएवढ्या दिसणाऱ्या विमानाबद्दल निमिषार्धात घ्यायचा असतो.

पस्तीस गुंठे

आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाने मॉडेल विमानांसाठी ठरवलेला मार्ग त्रिकोणी आहे. दोन खांब एकमेकांपासून ४० मीटरवर आणि तिसरा त्या दोघांपासून १८० मीटरवर. एक फेरी ४०० मीटरची, अशा दहा फेऱ्या, म्हणजे चार किलोमीटर. तेलाच्या इंजिनांच्या सर्वांत वेगवान वर्गात हे अंतर मिनिटाच्या आत कापले जाते. विजेच्या विमानांसाठी वेगळा वर्ग आहे, आणि हौशी मंडळे जागेप्रमाणे त्रिकोण आणखी लहान करतात.

खेळाचा आत्मा मात्र पंचांच्या व्यवस्थेत आहे. उडवणारा दूरच्या खांबापाशी नसतो, त्यामुळे विमान खांब ओलांडून गेले की नाही हे त्याला नीट दिसत नाही. म्हणून तिथे प्रत्येक विमानासाठी स्वतंत्र पंच असतो. विमान खांबाच्या रेषेपलीकडे गेले की तो झेंडी किंवा दिवा दाखवतो, आणि उडवणाऱ्याच्या खांद्याशी उभा असलेला साथीदार ओरडतो, ‘वळव’. खांबाच्या आतून वळसा घेतला की दंड. दुसऱ्यांदा तसे झाले की त्या शर्यतीचे गुण गेले. मैदानातल्यांनी डोक्यावर शिरस्त्राण घालायचे, प्रेक्षकांनी ठरलेल्या रेषेमागे थांबायचे, आणि विमान कधीही त्यांच्या डोक्यावरून न्यायचे नाही. म्हणजे उडवणारा सर्वांना दिसतो, विमान सर्वांना दिसते, आणि ज्याला दिसत नाही त्याच्या वतीने पाहणारा कोणीतरी नेमलेला असतो.

हा त्रिकोण किती मोठा, याचा अंदाज कागदावर येत नाही. मी अंबड तालुक्यातला. गेल्या उन्हाळ्यात अंतरवाली सराटीच्या शिवारात, कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून मोकळ्या झालेल्या एका वावरात मी तो पावलांनी मोजून पाहिला. त्रिकोणाचे क्षेत्रफळ हिशेबाने सुमारे पस्तीस गुंठे भरते, म्हणजे एकरापेक्षाही कमी. सुरक्षेसाठी भोवती मोकळी जागा सोडावी लागते ती वेगळी. शेतमालक बांधावरून बराच वेळ पाहत होते. काय चालले आहे हे मी त्यांना सांगितले. वेग किती, किंमत किती, हे त्यांनी विचारले नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, पडले तर कोणाचे ते कळते का? महासंघाच्या नियमपुस्तकाची पाने ज्या प्रश्नाभोवती फिरतात, तो त्यांनी एका वाक्यात मांडला होता. तो त्यांच्या ओठांवर इतक्या सहज का आला, याला कारण होते.

धनी नसलेले दिवे

२००० नंतर या खेळाचे सुटे भाग बदलले. ब्रशच्या मोटरची जागा ब्रशविरहित मोटरने घेतली, निकेल-कॅडमियमची जागा हलक्या लिथियम-पॉलिमर बॅटरीने. मोबाइल फोनमुळे तोल सांगणारे नखाएवढे संवेदक स्वस्त झाले. हे सगळे एका चौकटीवर चार पंख्यांसह बसवले की झाला ड्रोन. २०१० मध्ये फ्रान्सच्या पॅरट कंपनीचा आणि २०१३ मध्ये चीनच्या डीजेआय कंपनीचा तयार ड्रोन बाजारात आला. खांबाभोवती विमान वळवायला शिकायला महिने लागत, कित्येक विमाने मोडत. ड्रोन डब्यातून काढून पहिल्याच दिवशी उडवता येऊ लागला. ही प्रगतीच होती. पण त्या महिन्यांत उमेदवार आणखी एक गोष्ट शिकत असे. ती म्हणजे दुसऱ्यांच्या देखत उडवण्याची शिस्त. सुटे भाग डब्यातून आले. ती शिस्त डब्यात भरता आली नाही.

अंतरवाली सराटी हे अंबड तालुक्यातले, वडीगोद्रीजवळचे छोटे गाव. २९ ऑगस्ट २०२३ रोजी मनोज जरांगे यांनी मराठा आरक्षणासाठी तिथे उपोषण सुरू केले, १ सप्टेंबरला लाठीमार झाला आणि गावाचे नाव राज्यभर पोचले. १४ ऑक्टोबरला तिथे झालेल्या विराट सभेची जी दृश्ये घरोघरी दिसली, त्यांतली कित्येक ड्रोनने टिपलेली होती. शेकडो एकरांत पसरलेली गर्दी जमिनीवरच्या कॅमेऱ्यात मावणारी नव्हती. त्या दिवशी ड्रोन हा सभेचा साक्षीदार होता. तो भर दुपारी उडत होता आणि कशासाठी उडतो आहे हे सगळ्यांना ठाऊक होते.

पुढच्या वर्षी जून-जुलै २०२४ मध्ये त्याच गावावर रात्रीच्या अंधारात ड्रोन घिरट्या घालत असल्याच्या तक्रारी झाल्या. जरांगे यांच्या मुक्कामाच्या जागेची टेहळणी होते आहे, असा आरोप झाला आणि विषय विधिमंडळातही निघाला. त्याच आठवड्यांत जालना, बीड, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांतून अशाच बातम्या येत होत्या. चोर ड्रोनने घरे हेरतात, अशी वदंता पसरली. गावोगाव तरुण रात्र जागून पहारा देऊ लागले. अफवांवर विश्वास ठेवू नका, असे पोलीस सांगत होते. राजकीय बाजू कोणाची खरी, हा या लेखाचा विषय नाही. मला दिसतो तो इतिहासातला उलटा फेरा. चौपाटीच्या कथेत उडवणाऱ्याचे नाव आहे, पण भरवशाचे साक्षीदार नाहीत. मराठवाड्याच्या त्या रात्रींना साक्षीदार गावच्या गाव होते, पण उडवणाऱ्याचे नाव नव्हते. दोन्हीकडे रिकाम्या जागेत जे वाढते ते सारखेच. तिकडे आख्यायिका वाढली, इकडे भीती.

कायदा या रिकाम्या जागेकडे लक्ष देतो. २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी नोंदणी आणि ओळख क्रमांकाची पद्धत आणली. हौशी आणि शैक्षणिक मॉडेल विमानांना त्याच नियमांत स्वतंत्र, सवलतीची जागा आहे, मात्र ती उडवणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात राहिली पाहिजेत. खांबांच्या शर्यतीचे तत्त्व असे कायद्याच्या भाषेत आले. पण ओळख क्रमांक रात्री शंभर मीटर उंचीवर कोणाला वाचता येत नाही. क्रमांकाला अर्थ येतो तो उडवणारा चारचौघांत उभा राहिला तरच. या दृष्टीने केंद्राच्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेकडे पाहावे. बचत गटातली बाई प्रशिक्षण घेऊन दिवसाढवळ्या बांधावर उभी राहते आणि पिकावर फवारणी करते. तिच्या ड्रोनची कोणी रात्र जागून राखण करत नाही, कारण बटणे दाबणारा हात ओळखीचा आहे.

आपल्या भागाला शर्यतीचे नियम परके नाहीत. मराठवाडा-विदर्भात बैलांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये त्या बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. बैलांच्या हालांचा प्रश्न गंभीर होता आणि अटी त्यासाठीच आल्या. पण शंकरपटाला गेलेल्या कोणालाही विचारावे: सेकंदाच्या अंशावरून भांडणारी माणसे शेवटी झेंडी धरणाऱ्याचा शब्द मानतात. कोणाची जोडी, कोणाचा धुरकरी, कोणाची वेळ, हे सारे रानभर पुकारले जाते. बैलजोडीला जे लागू आहे, तेच बॅटरीच्या विमानालाही लागू करता येईल. एनसीसीचे हवाई पथक असलेली महाविद्यालये, अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि सुगीनंतर मोकळी पडणारी वावरे, हे सगळे मराठवाड्यात आहे. अंबड तालुक्यातल्या पोरांनी भर दुपारी, गावासमोर, तीन बांबू रोवून विमाने पळवली, तर आकाशातल्या यंत्राबद्दलचे त्यांचे पहिले शिक्षण भीतीपासून सुरू होणार नाही. आणि त्यांच्यातले जे पुढे ड्रोन उडवतील, त्यांना उडवताना समोर कोणीतरी पाहते आहे याची सवय झालेली असेल.

खांबांच्या शर्यतीत मला सर्वांत आवडणारा माणूस दूरच्या खांबापाशी बसलेला पंच आहे. टाळ्या त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. कोण जिंकले हे त्याला बहुधा शेवटी कळते, कारण त्याची नजर एकाच विमानावर आणि एका काल्पनिक रेषेवर खिळलेली असते. विमान रेषेपलीकडे गेले की हात वर करायचा आणि आत वळले तर तसे नोंदवायचे, एवढेच त्याचे काम. उडवणारा त्याच्या ओळखीचा असो की नसो, नोंद तीच राहते. विमानविद्येच्या इतिहासात यंत्रे बनवणाऱ्यांची नावे भरपूर आहेत. या पंचांची नावे कुठे लिहिलेली नसतात, पण त्यांच्या हात वर करण्यावर बाकी सगळ्यांच्या कर्तृत्वाचा विश्वास उभा आहे.